पीएच उतरला की दुपेडी आरएनएचा गोफ सुटतो की घट्ट होतो?

प्रश्न असा आहे: बारा जोड्यांचा आरएनएचा एक छोटा दुपेडी तुकडा, त्यात मधोमध एका ठिकाणी अ‍ॅडेनिनसमोर युरॅसिलऐवजी सायटोसिन. ट्रिस बफरमध्ये पीएच ७.५ ला आणि अ‍ॅसिटेटमध्ये पीएच ५.५ ला वितळण्याचे तापमान (जिथे निम्मे गोफ सुटतात ते) मोजले, तर आम्लात ते पाचेक अंशांनी वाढले. सगळ्या जोड्या नीट जुळलेला तुकडा मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखाच वितळला. आम्लाने न्यूक्लिक आम्लांचे पेड सुटतात असे पुस्तकात आहे, मग हे उलटे कसे?

तुमचे मोजमाप पटण्यासारखे आहे आणि पुस्तकातले वाक्यही खरे आहे. आम्लता गोफावर सरसकट चालत नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी खरी ठरतात. प्रोटॉनला बसायला मोकळी जागा कुठे आहे आणि तो तिथे बसला की जोडी जुळते की मोडते, यावर सगळे अवलंबून असते. पीएच ५ ते ८ या पट्ट्यात नेहमीच्या जोड्यांना प्रोटॉनशी काही देणेघेणे नसते. जे काही घडते ते विजोड जागी, फुगवट्यांपाशी, लूपच्या तोंडाशी आणि तिसरा पेड येऊन बसतो त्या ठिकाणी घडते. पुस्तकातला आम्लाने होणारा विनाश त्याच्या बराच खाली, पीएच ३ च्या आसपास सुरू होतो.

आधी कण्याचा विचार करू, कारण तिथे एक गैरसमज घट्ट रुतून बसला आहे. साखर-फॉस्फेटच्या साखळीतल्या प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋणभार असतो आणि त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या गटांवर प्रोटॉन बसलेला असतो तो आकडा) साधारण १ आहे. म्हणजे पीएच ४ ला, अगदी ३ लाही, हजारातली जवळपास सगळी फॉस्फेटे भारितच असतात. आम्लात कण्याचा भार नाहीसा होतो आणि त्यामुळे पेड जवळ येतात, हे स्पष्टीकरण म्हणूनच टिकत नाही. चोम्चिन्स्की आणि साक्की यांच्या १९८७ च्या आम्ल-फिनॉल पद्धतीत डीएनए फिनॉलकडे जातो आणि आरएनए पाण्यात राहतो, त्याचे कारण म्हणूनही फॉस्फेटवर प्रोटॉन बसतो असे बऱ्याच ठिकाणी शिकवले जाते. तिथला पीएच ४ ते ५ चा असतो. १ चा पीकेए असलेल्या गटाला त्याने फरक पडणार नाही, हे विद्यार्थ्यांना एकदा आकडेमोड करायला लावली की त्यांचे त्यांनाच दिसते.

प्रोटॉन घेतात ते बेस. सुटे न्यूक्लिओसाइड घेतले तर अ‍ॅडेनिनच्या एन-१ चा पीकेए ३.५ च्या आसपास, सायटोसिनच्या एन-३ चा ४.२ च्या आसपास, ग्वानिनच्या एन-७ चा २ च्या जवळ. ग्वानिनचा एन-१ आणि युरॅसिलचा एन-३ हे प्रोटॉन धरूनच असतात आणि तो सोडतात ९.२ च्या सुमारास, म्हणजे अल्कलीच्या बाजूला. आता वॉटसन-क्रिक, म्हणजे नेहमीची जोडी डोळ्यांसमोर आणा. अ‍ॅडेनिन-युरॅसिल जोडीत अ‍ॅडेनिनचा एन-१ हाच युरॅसिलकडून येणारा हायड्रोजन बंध झेलतो. ग्वानिन-सायटोसिन जोडीत तेच काम सायटोसिनचा एन-३ करतो. ज्या जागेवर प्रोटॉन बसायचा तीच जागा जोडी जुळवण्यात गुंतलेली आहे. त्यामुळे गोफात असताना या दोन्ही जागांचा पीकेए सुट्या बेसपेक्षाही खाली जातो. प्रोटॉनला आत शिरायचे तर आधी जोडी उघडावी लागते.

याचा परिणाम रचनेत दिसतो. आरएनएचा गोफ ए-प्रकारचा असतो: एका वेढ्यात साधारण ११ जोड्या, एका जोडीमागे अक्षावर २.८ अँगस्ट्रॉमची चढण, रायबोज साखर सी-३ प्राइम एंडो वळणात, मोठी खाच खोल आणि अरुंद, छोटी खाच रुंद आणि उथळ. नीट जुळलेल्या गोफात पीएच ७ वरून ५.५ वर आलात तरी यातले काही बदलत नाही. तुमचा दुसरा तुकडा हेच सांगतो आहे. पीएच ३.५ च्या खाली मात्र सुटे अ‍ॅडेनिन आणि सायटोसिन हावरेपणाने प्रोटॉन घेऊ लागतात. सुट्या स्थितीत मिळणारा हा फायदा जोडीत राहण्याच्या फायद्यापेक्षा मोठा झाला की गोफ उलगडतो. कोणत्या पीएचला उलगडेल हे लांबी, क्षार आणि तापमान यांवर ठरते.

आता तुमच्या विजोड जागेकडे येऊ. तटस्थ पाण्यात अ‍ॅडेनिन आणि सायटोसिन समोरासमोर आले तर त्यांच्यात जेमतेम एक हायड्रोजन बंध जमतो: अ‍ॅडेनिनच्या सहाव्या जागेवरच्या अमिनो गटाकडून सायटोसिनच्या एन-३ कडे. दुसऱ्या बाजूला अ‍ॅडेनिनचा एन-१ आणि सायटोसिनचा ओ-२ हे दोन्ही झेलणारेच आहेत, देणारा कोणी नाही. तिथे ताण आहे. एन-१ वर एक प्रोटॉन बसला की तोच एन-१ देणारा होतो, ओ-२ झेलतो आणि दुसरा बंध तयार होतो. या जोडीची ठेवण ग्वानिन-युरॅसिल या ओळखीच्या वॉबल (किंचित सरकून जुळलेल्या) जोडीसारखी हुबेहूब असते. पिरिमिडीन (इथे सायटोसिन) थोडे मोठ्या खाचेकडे सरकते, प्युरीन (अ‍ॅडेनिन) थोडे छोट्या खाचेकडे, शेजारच्या पायऱ्यांचा पीळ किंचित कमी-जास्त होतो. साखरेचे वळण आणि एकूण ए-प्रकार तसाच राहतो. फरक एवढाच की या जोडीत एक धनभार आहे आणि तो दोन्ही बाजूंच्या ऋणभारित कण्यांच्या मधोमध बसला आहे. हा भार तिथे परका वाटत नाही, उलट त्याचे स्वागतच होते.

म्हणूनच या अ‍ॅडेनिनचा पीकेए ३.५ वर राहत नाही. अशा जोड्यांत तो सहज ६.५ पर्यंत चढतो, आणि जोडी गोफाच्या आत, भक्कम शेजाऱ्यांमध्ये असेल तर ७ च्याही पुढे जातो. पीकेए एका एककाने सरकणे म्हणजे ३७ अंशांना सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल. तीन एकके सरकला याचा अर्थ प्रोटॉन आणि घडी एकमेकांना चार किलोकॅलरींच्या घरात आधार देत आहेत. ही उधारी दोन्हीकडून असते: घडी प्रोटॉनला धरून ठेवते आणि प्रोटॉन घडीला.

तुमच्या तुकड्यासाठी पीकेए ६.५ धरून हिशेब करून बघा. पीएच ५.५ ला दहापैकी नऊ रेणूंत प्रोटॉन बसलेला असेल, पीएच ७.५ ला अकरापैकी एका रेणूत. सुट्या पेडातल्या अ‍ॅडेनिनला ५.५ ला जेमतेम शंभरात एकदा प्रोटॉन मिळतो, म्हणून ती बाजू सोडून देता येते. घडीच्या बाजूला बंधन-बहुपद (प्रोटॉन नसलेल्या आणि असलेल्या स्थितींच्या वजनांची बेरीज) एक अधिक दहाचा (पीकेए वजा पीएच) घात असे येते: ५.५ ला ११, आणि ७.५ ला १.१. गुणोत्तर बरोबर १०, म्हणजे १.४ किलोकॅलरींची बळकटी. बारा जोड्यांच्या तुकड्याची एन्थाल्पी (वितळताना लागणारी उष्णता) ९० किलोकॅलरींच्या आसपास धरली तर वितळण्याचे तापमान पाच अंशांनी वाढायला हवे. तुम्हाला जे दिसले ते एका प्रोटॉनचे काम आहे, त्यापेक्षा जास्त काही शोधायची गरज नाही.

पीकेए नेमका किती चढेल हे शेजाऱ्यांवर ठरते. दोन्ही बाजूंना ग्वानिन-सायटोसिन जोड्या असतील तर तो जास्त चढतो. लगत फुगवटा असेल किंवा जोडी टोकाला असेल तर कमी, कारण तिथे घडी मुळातच ढिली असते आणि प्रोटॉनला द्यायला तिच्याकडे फारसे नसते. क्षार वाढवला की पीकेए उतरतो: सोडियमचे आयन कण्याभोवती गोळा होतात, ऋणभार झाकला जातो आणि प्रोटॉनची ओढ कमी होते. ०.०५ मोलरच्या आणि १ मोलरच्या क्षारात मोजलेले पीकेए एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नका.

पेशीचा पीएच ७.२ च्या आसपास असतो, तेव्हा हे सगळे बफरच्या बाटलीतले प्रकार आहेत असे वाटू शकते. तसे नाही. शिशाच्या आयनाने चालणारा लेडझाइम हा छोटा रायबोझाइम, म्हणजे एन्झाइमचे काम करणारा आरएनए. लेगॉ आणि पार्डी यांनी १९९४ मध्ये त्यातल्या एका अ‍ॅडेनिनचा पीकेए ६.५ असल्याचे एनएमआरने (अणुकेंद्रांच्या चुंबकीय संकेतांवरून) दाखवले. स्प्लायसिंगमधल्या (आरएनएतले नको असलेले तुकडे कापून उरलेले जोडण्याच्या कामातल्या) यू-६ आरएनएच्या आतल्या स्टेम-लूपमध्ये अशीच अ‍ॅडेनिन-सायटोसिन जोडी आहे, तिचाही पीकेए ६.५ च्या जवळ. तिथे तर शेजारीच धातूचा आयन बसतो आणि तो व प्रोटॉन एकमेकांना हटवतात. उंदरातल्या ल्युकेमिया विषाणूत स्टॉप कोडॉनच्या (प्रोटीनची बांधणी थांबवणाऱ्या खुणेच्या) पुढे एक स्यूडोनॉट, म्हणजे लूप बाहेरच्या पेडाशी जुळून झालेली गाठीसारखी घडी, असते. त्यातल्या एका अ‍ॅडेनिनवर प्रोटॉन बसला की आरएनए वेगळ्या घडीत जाते, आणि या दोन घड्यांच्या प्रमाणावर स्टॉप कोडॉन किती वेळा ओलांडला जाईल हे ठरते. २०११ मध्ये पुढे आलेले हे काम मला फार मोलाचे वाटते. निवड प्रोटीनने केलेली नाही, आरएनएच्या स्वतःच्या प्रोटॉन-समतोलाने केली आहे.

सायटोसिनचीही अशीच कथा आहे, फक्त ती तिसऱ्या पेडात घडते. ग्वानिन-सायटोसिन जोडीच्या मोठ्या खाचेत तिसरे सायटोसिन येऊन ग्वानिनच्या एन-७ शी जुळायचे असेल तर त्याच्या एन-३ वर प्रोटॉन हवाच, कारण एन-७ फक्त झेलू शकतो. बीट वेस्टर्न यलोज विषाणूच्या फ्रेमशिफ्ट (कोडॉन वाचण्याची चौकट सरकणे) घडवणाऱ्या स्यूडोनॉटमध्ये नेमकी अशी तिहेरी जोडी आहे. १९९९ च्या स्फटिक-रचनेत ती दिसली आणि तिचा पीकेए तटस्थतेच्या अगदी जवळ निघाला. हिपॅटायटिस डेल्टा विषाणूच्या रायबोझाइममध्ये सरकलेल्या पीकेएचे एक सायटोसिन थेट अभिक्रियेतच प्रोटॉनची देवघेव करते.

काही गोफ तर आम्लाशिवाय होतच नाहीत. पॉली-ए म्हणजे नुसत्या अ‍ॅडेनिनची साखळी. तटस्थ पाण्यात ती एकपेडी राहते, बेस एकमेकांवर रचलेले असतात एवढेच. आम्लात नेली की तिचा दुपेडी गोफ होतो आणि त्यातले दोन्ही पेड एकाच दिशेने धावतात. रिच, डेव्हिस, क्रिक आणि वॉटसन यांनी ही रचना १९६१ मध्ये मांडली. एन-१ वर बसलेला प्रोटॉन इथे बेसना थेट जोडत नाही. तो धनभार पुरवतो आणि समोरच्या पेडाचे फॉस्फेट जवळ ओढून धरतो. पॉली-सी चा आम्लातला गोफ लँग्रिज आणि रिच यांनी १९६३ मध्ये दाखवला. तिथे एक सायटोसिन प्रोटॉन घेतलेले, समोरचे न घेतलेले, आणि मध्ये तीन हायड्रोजन बंध. या जोडीत आम्लतेची दोन्ही रूपे एकत्र बघायला मिळतात: पीएच ४.५ च्या आसपास ती ठणठणीत असते, आणखी आम्ल घातले की समोरचे सायटोसिनही प्रोटॉन घेते, दोन धनभार समोरासमोर येतात आणि जोडी फुटते. डीएनएत याच जोड्या एकमेकींत गुंफून आय-मोटिफ हा चारपेडी आकार बनतो. आरएनएत तो कमजोर असतो, कारण २-प्राइम हायड्रॉक्सिल गट अरुंद खाचेत अडचण करतात.

या संदर्भात पॉली-ए आणि पॉली-यू यांचा मिश्र गोफ आम्लात काय करतो हे बघण्यासारखे आहे. तो नुसता सुटत नाही. पॉली-ए आपल्यासारख्याच दुसऱ्या पॉली-ए शी जोडी करते आणि पॉली-यू एकटी पडते. वितळण्याची रेषा बघून कोणी गोफ मोडला असे लिहिले तर ते अर्धेच खरे असते.

डीएनएवर शिकलेले नियम आरएनएला लावताना सांभाळा. डीएनएच्या बी-प्रकारात ग्वानिन-सायटोसिन जोडी अधूनमधून हूग्स्टीन ठेवणीत (प्युरीन उलटे वळून दुसऱ्या कडेने जुळते तिच्यात) जाते. त्यासाठी सायटोसिनवर प्रोटॉन लागतो, म्हणून आम्लात हे प्रमाण वाढते. ए-प्रकारच्या आरएनएत ही ठेवण जवळजवळ निषिद्ध आहे. अल-हाशिमी यांच्या गटाने २०१६ मध्ये हे फार स्वच्छ दाखवले: मिथाइल गट लावून वॉटसन-क्रिक बाजू बंद केली तेव्हा डीएनए हूग्स्टीनमध्ये गेला, आरएनएची जोडी सरळ मोडली. त्यामुळे आम्लात डीएनएला ज्या लवचीक वाटा मिळतात त्यातली एक आरएनएला मिळत नाही.

एसआयआरएनए (जनुक गप्प करणारे छोटे दुपेडी आरएनए) औषधांवर काम करणारे हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात: एंडोसोममध्ये (पेशीने आत घेतलेल्या मालाच्या पिशवीत) पीएच ६.५ वरून ५.५ वर आणि लायसोसोममध्ये ५ च्या खाली जातो, तिथे आमचा गोफ टिकेल का? नीट जुळलेल्या एकोणीस जोड्या असतील तर आम्लापुरती काळजी नाही. लिपिड नॅनोकणांत पीएचला प्रतिसाद देतो तो लिपिड. २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पेटिसिरान या एसआयआरएनए औषधातल्या आयनीभवन होणाऱ्या लिपिडचा पीकेए ६.४ च्या आसपास आहे. टीएलआर-३ हा प्रतिकारयंत्रणेचा ग्राहक दुपेडी आरएनएला आम्लातच नीट धरतो, तेही त्याच्या हिस्टिडिनांमुळे. आरएनएची घडी बदलली म्हणून नव्हे. पीएच बदलल्यावर परिणाम दिसला की आधी असे दुसरे भागीदार तपासायचे, मग आरएनएकडे बोट दाखवायचे.

कण्याच्या रासायनिक टिकाऊपणाचा धाक मात्र नको. आरएनएचा फॉस्फोडायएस्टर बंध पीएच ४ ते ५ च्या आसपास सर्वांत सावकाश तुटतो. अल्कलीत २-प्राइम हायड्रॉक्सिल लगेच हल्ला करतो, मॅग्नेशियम असेल तर आणखी लवकर. पीएच ३ च्या खाली गेलात की बंध ३-प्राइमवरून २-प्राइमवर सरकणे आणि तुटणे दोन्ही वाढतात. तुमच्या ५.५ च्या अ‍ॅसिटेटमध्ये नमुना ७.५ च्या ट्रिसपेक्षा सुरक्षितच आहे.

आता ट्रिसबद्दल, कारण तुमच्या प्रयोगात खरी दुरुस्ती इथे हवी. ट्रिसचा पीकेए दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांना ७.५ लावलेले ट्रिस ५० अंशांना ६.८ झालेले असते आणि ७५ अंशांना ६.१. तुम्ही ७.५ म्हणून लिहिलेले वितळणे प्रत्यक्षात ६.८ च्या आसपास घडले. वरच्याच हिशेबात ६.८ घातले तर फरक १.४ वरून १.२ किलोकॅलरींवर येतो. म्हणजे तुमच्या विजोड जोडीचा खरा पीएच-प्रतिसाद तुम्हाला दिसला त्याहून थोडा मोठा आहे. ट्रिस सोडा. ५.५ ते ६.७ ला एमईएस, त्यापुढे फॉस्फेट किंवा हेपीस घ्या. फॉस्फेट आणि अ‍ॅसिटेट तापमानाने जवळजवळ हलत नाहीत. कॅकोडायलेट ५ ते ७.४ हा सगळा पट्टा एकट्याने सांभाळतो, पण त्यात आर्सेनिक आहे, तेव्हा हातमोजे आणि वेगळा कचरा. मॅग्नेशियम असेल तर सायट्रेट नको, ते आयन बांधून ठेवते. आणि प्रत्येक बफरमध्ये एकूण सोडियम सारखे ठेवा, नाहीतर पीएचचा परिणाम आणि क्षाराचा परिणाम वेगळे काढता येणार नाहीत.

मोजताना २६० नॅनोमीटरवरच थांबू नका. प्रोटॉन घेतलेल्या सायटोसिनचे शोषण २८० कडे सरकते. पीएच ५ च्या खाली गेलात तर सुटलेल्या पेडातली सायटोसिने प्रोटॉन घेऊ लागतात आणि वरची आधाररेषा तिरकी होते. २६० आणि २८० दोन्ही नोंदवा. दोन्हींतून येणारे तापमान जुळले तरच त्यावर विसंबा. नियंत्रण म्हणून त्याच जागी ग्वानिन-युरॅसिल घातलेला तिसरा तुकडा मागवा. ठेवण तीच, प्रोटॉनची गरज नाही, त्यामुळे ५.५ ते ७.५ मध्ये तो हलता कामा नये. हा तुकडाही हलला तर दोष बफरमध्ये शोधा.

पीकेए खात्रीने सांगायचा असेल तर एनएमआरला पर्याय नाही. अ‍ॅडेनिनच्या दुसऱ्या कार्बनचा संकेत एन-१ वर प्रोटॉन बसला की सुमारे ८ पीपीएमने खाली येतो, आणि पीएचनुसार तो सरकताना बघून वक्र बसवता येतो. यंत्र हाताशी नसेल तर अतिनील मापनच पीएच ५, ५.५, ६, ६.५, ७, ७.५ आणि ८ ला करा, प्रत्येक ठिकाणची मुक्त ऊर्जा काढा आणि पीएचसमोर मांडा. खालच्या टोकाला दर एककामागे १.४ किलोकॅलरींचा उतार आणि वरच्या टोकाला सपाट रेषा आली, तर एकच प्रोटॉन गुंतला आहे आणि दोन्ही रेषा जिथे मिळतात तो तुमच्या जोडीचा पीकेए. उतार त्याच्या दुप्पट आला, तर अनुक्रमात प्रोटॉन घेणारी दुसरी जागा आहे. टोकाकडची एकटी सायटोसिने आधी तपासा.